नुसती उभी राहणारी मुलगी

सिल्लोडहून द्वारकेच्या वडिलांचं, कारभारींचं पत्र आलं ते दसऱ्याच्या आधी. दिवाळी तोंडावर आली तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. निळं आंतरदेशीय पत्र, जागा पुरली नाही म्हणून शेवटची ओळ कडेनं तिरपी चढवलेली. मजकूर एवढाच:

"ग्रंथपाल साहेबांस कारभारीचा रामराम. दुवारका घरी येऊन बसली हाय. विभागाच्या टीममधी घेतली नाय म्हणून कालेजच नको म्हणती. दिवाळीनंतर दाखला काढून इथंच सिल्लोडला नाव घालावं म्हणतो. पर तिच्यात खेळ हाय का नाय, एवढं खरं लिहा. असंल तर राहू द्या तिथंच. नसंल तर उगं पोरीला घरापासून लांब कशाला ठिवायचं? तुम्ही वाचलेलं माणूस. तुमच्या शब्दावर ठरवतो."

त्या शेवटच्या वाक्यानं माझा हात आखडला. माझ्या शब्दावर कुणी काही ठरवावं असा मी माणूस नाही. जन्म ग्रंथालयात गेला. निवृत्त झाल्यावरही रोज इथं औरंगाबादच्या कॉलेजच्या वाचनालयात जाऊन बसतो, कारण दुसरीकडे कुठं बसायचं ते कळत नाही. बास्केटबॉल मी कधीच खेळलेलो नाही. चेंडू अंगावर आला तर आधी चष्मा सांभाळीन.

या खेळात मला ओढलं आमच्या क्रीडाशिक्षकांनी, बद्रीनाथ सरांनी. त्यांच्याकडे बास्केटबॉलवरचं एक इंग्रजी पुस्तक होतं आणि संघातल्या बऱ्याच मुली खेड्यांतून आलेल्या. "सर, एवढं मराठीत करून द्या," म्हणाले. मी करून दिलं. आपल्या खेळाडूला तिच्या मागावरच्या मुलीपासून मोकळं करण्यासाठी दुसरीनं वाटेत ठाम उभं राहायचं, याला इंग्रजीत एक शब्द आहे. मी लिहिलं 'आडोसा'. लिहून पुष्कळ दिवस खात्री नव्हती. पण मुलींनी तो उचलला. मैदानावर हाका यायला लागल्या, "दुवारके, आडोसा!"

ते प्रकरण पुन्हा वाचून घ्यायला द्वारका वाचनालयात आली होती. टेबलाच्या टोकाशी उभी राहून म्हणाली, "सर, उभं ऱ्हायचं म्हंजी किती येळ?"

"ती पळणारी निघून जाईपर्यंत."

"आन मागची येऊन आदळली तर?"

"आदळू द्यायचं. आपण हलायचं नाही."

"मंग जमंल," ती म्हणाली. "आमच्या बैलानं लई येळा पाडलंय मला."

तिला जमलं. आमच्या संघात भानुमती नावाची मुलगी होती, समर्थनगरातल्या वकिलांची, चपळ आणि नेम धरून टाकणारी. ती द्वारकेच्या खांद्याला घासून पळायची, तिच्या मागावरची मुलगी द्वारकेवर येऊन थडकायची, आणि भानुमती बास्केटखाली एकटी. टाळ्या भानुमतीला. द्वारका कोपर चोळत परत आपल्या जागी. भानुमतीचा चेंडू हुकलाच, तर तो उडी मारून धरणारीही द्वारकाच. धरला की पुन्हा भानुमतीकडे. ती स्वतः फारसं टाकायचीच नाही. वाचनालयाच्या खिडकीतून पाहताना मला वाटायचं, भानुमतीच्या प्रत्येक बास्केटमागं या मुलीचा खांदा आहे. पण मी पडलो पुस्तकातला. म्हणून बोललो नाही.

विभागाच्या निवडीसाठी निरनिराळ्या कॉलेजांच्या मुली एकत्र मिसळून खेळवल्या. बद्रीनाथ सरांबरोबर मीही गेलो होतो. द्वारकेच्या वाट्याला सगळ्या अनोळखी आल्या. ती सवयीप्रमाणे आडोसा धरून उभी राहायची, पण तिच्या बाजूनं पळायचं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या भलतीकडे पळायच्या. ही आपली उभी.

"ही सिल्लोडची कोण हो?" निवड समितीचे सचिव तात्यासाहेब यांनी विचारलं. "नुसती उभी राहते."

बद्रीनाथ सर म्हणाले, "तात्यासाहेब, तिचं कामच ते आहे. तिला आमच्या भानुमतीबरोबर खेळवून बघा एकदा."

"अहो, उभं राहायला बास्केटबॉल कशाला? सिल्लोडच्या स्टँडवर एसटीसाठी उभी राहू दे की!"

समिती हसली. मग भजी आली, चहा आला, आणि लग्नात व्याह्यांना मानाचे नारळ द्यावेत तशी नावं दिली गेली. प्रत्येक कॉलेजच्या दोन मुली, ज्यांचे बास्केट जास्त त्या. "म्हणजे कुणी रुसायला नको," तात्यासाहेब म्हणाले. संघ खेळण्यासाठी असतो, कॉलेजांचे रुसवे काढण्यासाठी नव्हे, हे तिथं कुणाच्या मनात आलं नाही. आलं असेल तर भज्यांबरोबर गिळलं. मीही चहा पिऊन घरी आलो.

सामने औरंगाबादेतच होते, दिवाळीच्या सुट्टीआधी. मी मागच्या पायरीवर जाऊन बसलो. आपल्या पाचही मुली आपापल्या कॉलेजच्या राण्या. पाचही जणी हात वर करून चेंडू मागत होत्या. जिला मिळायचा ती टाकून मोकळी व्हायची, कारण दिला तर परत येण्याची खात्री नव्हती. हुकलेल्या चेंडूखाली कुणीच नसायचं. आणि भानुमती! तिच्या अंगाला दोघी दोघी चिकटलेल्या. पळता पळता ती सवयीनं डावीकडे वळायची, जिथं खांदा असायचा तिथं, आणि तिथं कुणी नसायचं. पहिल्याच सामन्यात संघ बाहेर.

सामना संपला आणि तात्यासाहेब वार्ताहराला सांगू लागले, "आपल्या मुलींत जिद्दच नाही. भानुमतीवर सगळी भिस्त होती, पण ती घाबरली."

भानुमती तीन हातांवर बुटाची नाडी सोडत बसली होती. तिनं ऐकलं. तिची मान वर आली नाही, पण कान लाल झाले. मी पायरीवरून उठलो. कसा उठलो माहीत नाही.

"तात्यासाहेब, ही निवडच..."

"या ग्रंथपाल, या! काय म्हणतं तुमचं पुस्तक?"

"पुस्तकात असं आहे की..." सगळे माझ्याकडे बघत होते. मी चष्मा काढून पुसू लागलो.

भानुमती उठली, एका पायात बूट, एक पाय नुसत्या मोज्यात. "मी घाबरले नाही. मला वाट करून द्यायला कुणी नव्हतं. द्वारकेला का नाही घेतलं तुम्ही?"

"अगं बेटा, तिच्या नावावर बास्केट किती?"

"माझ्या नावावर आहेत ना, त्यातले निम्मे तिचेच आहेत."

तात्यासाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मैत्रीण ना तुझी? कळतं हं आम्हाला."

काय कळतं? जी मुलगी धडका खाऊन दुसरीला मोकळं करते तिला खांब म्हणायचं, तिच्याविना जी अडते तिला भित्री म्हणायचं, आणि वर डोक्यावर हात ठेवायचा! हरल्या मुली. निवडणारे कुठं हरले? ते पुढच्या वर्षी पुन्हा खुर्च्या मांडून बसणार आहेत. तिथून घरी येईपर्यंत मी मोठ्यानं बोलत होतो. पानदरिब्यात एका दुकानदारानं विचारलं, "चाचा, तबियत ठीक है ना?"

घरी येऊन लिहायला बसलो. पहिल्या पत्रात 'माझ्या अल्पमतीप्रमाणे' आलं. फाडलं. दुसऱ्यात 'असे वाटते' तीनदा आलं, तेही फाडलं. अखेर लिहिलं ते असं:

"कारभारी, नमस्कार. मी कधी खेळलेलो नाही, हे आधी सांगतो. द्वारकेत खेळ आहे. तिला ज्यांनी नाकारलं त्यांनी ती कुणासाठी उभी राहते ते पाहिलं नाही. ती नसताना भानुमतीचं काय होतं, ते आज मी पाहिलं. विभागाच्या संघात तिला पुढंही घेतील, असं वचन मी देऊ शकत नाही, कारण निवडणारे तेच आहेत. पण आमच्या कॉलेजात तिची जागा आहे आणि ती दुसऱ्या कुणाला भरता यायची नाही. दाखला काढू नका. सुट्टी संपताच तिला पाठवा. हरल्यावर भानुमतीनं सर्वांसमोर तिचंच नाव घेतलं, हे तिला सांगा."

कोपऱ्यावरच्या पेटीतली डाक निघून गेलेली होती. सकाळपर्यंत थांबलो तर माझा धीर राहणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून जुन्या बाजारातल्या मोठ्या पोस्टापर्यंत चालत गेलो. पेटीच्या तोंडाशी हात थबकलाच. 'बहुधा', 'कदाचित' असा एखादा शब्द चुकून आत राहिला नाही ना, उघडून पाहावं असं वाटलं. पण पत्र पक्कं चिकटलेलं होतं. मी ते आत टाकलं.