बाटलीवरची ओली चादर

आमच्या ट्रकचं इंजिन आज धडधाकट आहे ते जाऊबाईंमुळे, हे मी आता कुणालाही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. त्या दिवशी मात्र मी त्यांच्यावर इतकी भडकले होते की काही विचारू नका.

आम्ही दोघी सख्ख्या जावा. आमचे नवरे बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने त्यांचा पत्ता नसतो. घर चालतं ट्रकवर. कारखान्यातून दारं-खिडक्यांच्या चौकटी उचलायच्या आणि बांधकामावर नेऊन टाकायच्या. चालवते मी. फोन, ऑर्डरी आणि गिऱ्हाइकं जाऊबाईंकडे, कारण माझ्या नाकावर कायम राग, आणि एकदा माझ्याशी बोललेलं गिऱ्हाईक सहसा परत येत नाही. मी त्यांना ताई म्हणते.

ट्रक पेट्रोलवरचा, जुना. जोर वाढावा म्हणून मी त्याच्या इंजिनाचा कॅम बदलला होता, एक्झॉस्ट जरा मोकळा केला होता, फार काही नाही. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर दरवर्षी कामाच्या गाड्यांची शर्यत होते. दोन-दोन गाड्या सोडतात, नाकासमोर पळायचं. सलग दोन वर्षं शेवटच्या फेरीत मी एका टँकरवाल्याकडून हरले होते. हरल्याचं एक वेळ सोसलं असतं. पण हा माणूस नंतर मुद्दाम चालत येतो आणि म्हणतो, "छान चालवता हो तुम्ही." ते माझ्या फार डोक्यात गेलं होतं.

म्हणून यंदा मी जुन्या बाजारातून नायट्रस आणलं. बाटलीत दाबून भरलेला वायू असतो तो. बटण दाबलं की इंजिनात शिरतो, त्याच्या जोडीनं जास्तीचं पेट्रोल जातं आणि काही क्षण गाडीला भलताच जोर येतो. फक्त दोघांचं प्रमाण जमलं पाहिजे. वायू जास्त आणि पेट्रोल कमी झालं तर आतली आग इतकी भडकते की पिस्टन वितळतो. मग इंजिन भंगारात.

ताईंनी नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, "सोमवारी नव्या इमारतीच्या चौकटी पोचवायच्यात. गिऱ्हाईक मोठं आहे, पहिल्याच खेपेला गाडी नाही आली तर दुसऱ्याला काम देईल. सोमवारी ट्रक निघाला पाहिजे. मग काय घालायचा तो गोंधळ घाल."

आठवडाभर रोज पहाटे आम्ही कारखान्यामागच्या रिकाम्या रस्त्यावर जायचो. ठिणगी जराशी उशिरा पडेल असं इग्निशन लावलं, ठिणगीचे प्लग चटकन न तापणारे, थंड जातीचे घातले. मग पूर्ण जोरात पळायचं, शेवटी इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं आणि गाडी घरंगळत थांबू द्यायची. इंजिन चालू ठेवून रमतगमत परत आलं तर प्लगवर नवी काजळी बसते आणि मग प्लगच्या रंगावरून प्रमाणाचं काही कळत नाही. सुरुवातीला सगळे काळेकुट्ट निघाले, म्हणजे पेट्रोल जास्त होतं. मी ज्यातून पेट्रोल सुटतं तो पितळी जेट बदलून बारीक भोकाचा घातला, मग आणखी बारीक. शेवटी प्लगचा रंग हवा तसा फिकट आला तेव्हा मी ताईंना मिठीच मारली. त्या डोळे मिटून दांड्याला धरून बसल्या होत्या. बाटली सीटच्या मागेच पट्ट्यानं बांधलेली, आणि तिच्याकडे त्या नेहमी तिरक्या नजरेनं बघायच्या.

शर्यत होती रविवारी दुपारी. उन्हानं डांबर मऊ झालेलं. शेजारच्या गाडीचा मालक आपल्या बाटलीला तापवायचा पट्टा गुंडाळत होता. मला म्हणाला, "दाब जितका जास्त तितका जोर जास्त." मला ते लगेच पटलं. मी आमची बाटली काढून सरळ उन्हात ठेवली, ताईंना म्हटलं, "लक्ष ठेवा," आणि ट्रक घेऊन वजनकाट्याच्या रांगेत गेले.

रांग काही सरेना. परत येऊन बघते तर बाटली तंबूच्या सावलीत, तिच्यावर आमची बसायची चादर, चिंब भिजलेली. ताई प्यायच्या पाण्याचा कॅन त्यावर ओतत होत्या आणि पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या.

"अगं, हात लावला तर चटका बसला," त्या म्हणाल्या. "फुटली असती म्हणजे?"

"तापावी म्हणूनच ठेवली होती मी. आठवड्याची मेहनत पाण्यात घातलीत, ताई. अक्षरशः पाण्यात."

त्यांचा चेहरा उतरला. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आमचा नंबर पुकारला होता. बाटली बांधली, तिच्यावरचा दाबाचा काटा बघितला. पहाटे असायचा त्याच्यापेक्षा किंचित वर, बस. चरफडत गाडीत बसले.

मधल्या फेऱ्या जिंकले. शेवटी पुन्हा तोच टँकरवाला. बटण दाबलं, ट्रकनं उसळी घेतली, अर्ध्या पट्टीपर्यंत मी पुढे होते. मग त्याचा बंपर माझ्या खिडकीशी आला आणि निघून गेला. सवयीनं इंजिन बंद केलं आणि घरंगळत थांबले. तो आला, म्हणायचं ते म्हणाला आणि गेला.

ताई पट्टीच्या कडेनं चालत आल्या. मी तोंड फिरवलं आणि बॉनेट उघडलं. खरं सांगते, प्लग काढले ते पुरावा म्हणून. वायू कमी पडून काळे झालेले प्लग त्यांच्या हातावर ठेवायचे होते मला, म्हणजे कळलं असतं की इंजिनात अजून किती जोर शिल्लक होता आणि तो कुणी विझवला.

पहिला प्लग काळा नव्हता. दुसराही नव्हता. शेवटचा काढला आणि उजेडात धरला. त्याच्या टोकाची चिनीमाती पांढरीफटक होती आणि तिच्यावर खसखशीपेक्षाही बारीक चंदेरी ठिपके होते. ॲल्युमिनियमचे. पिस्टनचे.

तापलेल्या बाटलीचा दाब वाढतो. दाब वाढला की वायू जास्त शिरतो. आणि पेट्रोल मी मोजून बेतलं होतं ते पहाटेच्या गार बाटलीवर. दुपारी किंचित वाढलेल्या दाबानंसुद्धा पिस्टन वितळायला सुरुवात झाली होती. मी उन्हात ठेवली होती तशी बाटली बसवली असती, तर पिस्टनला भोक पडून सोमवार, गिऱ्हाईक, ट्रक, सगळं तिथंच संपलं असतं.

मग ट्रकचे आधीचे जुने प्लग घातले, इंजिन चालू केलं आणि कान देऊन ऐकलं. आवाज एकसारखा येत होता. जीव भांड्यात पडला.

ताई ट्रकच्या मागे चादर पिळत उभ्या होत्या. मी जाऊन त्यांना सगळं सांगितलं, ठिपके दाखवले, दाब समजावला. म्हटलं, "माझं चुकलं. तुमचे उपकार मी फेडू शकत नाही, ताई. तुम्ही इंजिन वाचवलंत. सोमवार वाचवलात."

"मला काय कळतंय इंजिनातलं?" त्या म्हणाल्या. "ती बाटली तुझ्या पाठीपासून वीतभर असते. मी रोज पहाटे तेवढंच बघत होते."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत? सोमवारचंच सांगत राहिलात."

"स्वतःला जप म्हटलं असतं तर हसली असतीस मला. म्हटलं, चौकटींसाठी तरी जपेल."

आजवर त्यांचं किती बोलणं मी नुसतं कामाचं समजून सोडून दिलं असेल, देव जाणे. मी चादरीचं दुसरं टोक धरलं, आणि आम्ही ती दोघींनी मिळून पिळली.