इतिहासासकट

माझी जीभ तशी ताब्यात असते, पण कमिट करताना बोटं सुटतात. कमिट म्हणजे प्रोग्रॅममधला बदल जतन करताना सोबत एक ओळ लिहायची, काय बदललं त्याची. ती कोण मरायला वाचतंय, म्हणून मी वाट्टेल ते लिहायचो.

बोर्ली पंचतनला अंबाजीकाकांची भाताची गिरणी आहे. कुणाच्या किती गोणी आल्या, कुणाचा नंबर कधी, एवढं दाखवणारा प्रोग्रॅम मी त्यांना करून दिला होता. आता तो त्यांची मुलगी प्राप्ती सांभाळणार, म्हणून परवा कोड द्यायला गेलो. इंटरनेट बंद होतं, पण गिरणीतला राऊटर चालू होता, त्यावरून दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडता येत होते. नुसत्या फायली दिल्या असत्या तर निभावलं असतं. मला शहाणपणा दाखवायचा होता. माझ्या लॅपटॉपवरून तिच्या कॉम्प्युटरवर अख्खा रेपो, म्हणजे कोड त्याच्या सगळ्या इतिहासासकट, उतरवला; दोन वर्षांच्या कमिटच्या ओळीही तिकडे गेल्या.

प्राप्तीने त्याच आधी उघडल्या. वाचता वाचता ती थांबली. मी वाकून पाहिलं.

‘आंधळ्या म्हाताऱ्यासाठी अक्षरं अजून मोठी. घरी सांगू नको म्हणतो.’

नजर जातेय हे काकांनी फक्त मला सांगितलं होतं, हात धरून. पोरगी घाबरेल म्हणून.

“काय लिवलंय गं?” काकांनी विचारलं. ते स्क्रीनपासून हातभर अंतरावर बसले होते.

“अक्षरं मोठी केली, एवढंच हाय, बाबा.”

“बघ. केतनला दोनदा सांगाया लागत न्हाय. लय मायेचा हाय.” त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. लाजेने माझे कान तापले.

काका चौकट चाचपत चहा सांगायला बाहेर गेले.

“प्राप्ती, चुकलो गं. त्या ओळी पुसून देतो, पुसता येतात.”

“नको. त्यांच्यावर तारखा हायत. डॉक्टर विचारंल कधीपास्नं दिसत न्हाय, तर आमच्या घरात कुणाला ठाव हाय? तुझ्याकडंच लिवलेलं हाय.”

तिने वही ओढली आणि जुन्यापासून एकेक तारीख उतरवायला लागली. सगळं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. एका ओळीवर ती अडली.

“ह्यो शब्द काय हाय, दादा?”

तिच्या बापाला दिलेली ती शिवी मला मोठ्याने वाचून दाखवावी लागली.