ड्रममधले देव

"अब देखो! एकेक देव कसा लीन होतो ते!" जलनाथ महाराजांनी आरोळी ठोकली, आणि चैतीच्या अंगणातल्या निळ्या ड्रमभोवती अख्खा पाडा एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावू लागला. महाराजांनी भस्म फासलेला पंजा पाण्यावर धरला. वर लटकलेले शेकडो बारीक काळे जीव वळवळत सटासट तळाला गेले. पंजा काढला, तसे सावकाश पुन्हा वर आले.

"नमस्कार केला गं बाय!" हिराबाईने स्वतःच्या गालांवर चापट्या मारून घेतल्या.

"पानी जिंदा हो गया, माई! आभाळातले देव तुमच्या ड्रममध्ये उतरलेत. झाकाल तर त्यांचा श्वास कोंडेल, ओताल तर कोप होईल!"

हे महाराज गेल्या वर्षापर्यंत भिवंडीला गोदामावर वॉचमन होते. तिथे बहुतेक झोपाच काढत असणार. पण इथे सूर्यमाळच्या डोंगरात एका कोंबडीत आणि दोन नारळांत त्यांना थेट देवाच्या शेजारी बसायला मिळालं.

आणि लोकांना पटलं कसं? अहो, त्यांना हेच तर ऐकायचं होतं. आरोग्य केंद्रातल्या प्रमिला सिस्टर येऊन येऊन बजावायच्या, "ड्रमला फडकं बांधा, दर आठवड्याला रिकामा करून घासा, नाहीतर डास होतील." पण उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी दरी उतरणारी बाई पागोळ्यांचं पाणी आपल्या हाताने मातीत ओतेल? चैतीला तर ते ताटातला भात फेकल्यासारखं वाटायचं. महाराजांनी ड्रमचं फडकं सोडून फेकलं तेव्हा तिला बरंच वाटलं.

मग चैतीची सहा वर्षांची पोर, रंगू, तापाने फणफणली. "जीप आणतो, मोखाड्याला दवाखान्यात नेऊ," चैतीचा नवरा पोश्या म्हणाला.

"खबरदार!" महाराज गरजले. "पोरीच्या अंगात जलदेवी उतरतेय. सुई टोचलीत तर देवी कोपेल!" त्यांनी ड्रममधलं ओंजळभर पाणी तीर्थ म्हणून पोरीच्या तोंडात घातलं. आणि काय चमत्कार! दोन-चार दिवसांत ताप उतरला. नारळ फुटले, ढोल वाजला, महाराजांच्या पानात कोंबडीची तंगडी पडली. चैतीने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

ढोल थांबायच्या आत रंगूच्या पोटात कळा सुरू झाल्या. हिरड्यांतून रक्त आलं, हातपाय गार पडले. या वेळी पोश्याने कोणालाच विचारलं नाही, पण उशीर व्हायचा तो झालाच होता. मोखाड्याला डॉक्टरांनी शर्थ केली, पण पोर गेली.

"डेंग्यू," डॉक्टर म्हणाले. "यात ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो. ताप आला तेव्हाच का नाही आणलीत?"

पोरीला माती देऊन दोघं घरी आली, तर ड्रमला झेंडूचा हार आणि भोवती पाडा जमलेला! "रो मत, बेटी," महाराज गोड हसले. "देवीने तुझी पोर स्वतःपाशी ठेवून घेतली. भाग्यवान आहेस."

भाग्यवान! चैतीने पायातलं खेटर काढून त्यांच्यावर उगारलं. महाराज टुणकन ड्रमच्या आड. खेटराची सावली पाण्यावर पडली आणि जीव सटासट तळाला गेले. चैती थबकली. तिने खेटर बाजूला केलं. जीव वर आले. पुन्हा धरलं, पुन्हा तळाला.

"बघा गं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुमचे देव माझ्या खेटराला पण नमस्कार करतात."

भेटायला आलेल्या प्रमिला सिस्टर पुढे झाल्या. "देव कसले? डासांच्या अळ्या आहेत या. श्वास घ्यायला पाण्याच्या वर येतात. सावली पडली की घाबरून बुडी मारतात, मग हात कोणाचाही असो. आठ-दहा दिवसांत यांनाच पंख फुटतात. तो डास आधी आजाऱ्याला चावतो आणि मग..."

"मग माझ्या रंगूला," चैती म्हणाली. "आणि फडकं मीच सोडू दिलं."

महाराज तोवर झोळी उचलून उतरणीला लागले होते. त्यांना अडवायला एक माणूस हलला नाही. मंडळी अजून ड्रमसमोर हात जोडावेत की नाही याच घोळात! पोर मातीत गेली तरी यांचा घोळ सुटेना. जळो असली भक्ती!

चैतीने ड्रम कलंडवला. पाणी काकडीच्या वेलात शिरलं, अळ्या चिखलावर तडफडू लागल्या. शेवटची निपचित होईपर्यंत ती उकिडवी बसून बघत राहिली.

"पाप केलंस गं!" हिराबाई किंचाळली. "याच तीर्थाने माझ्या नातवाचा ताप आज सकाळी उतरला!"

चैती ताडकन उठली. "कुठं हाय तो?"

"घरात. निजलाय गप."

"मावशे, माझ्या रंगूचा पण उतरला होता. तुझा देव खरा का खोटा, ते मागनं भांडू. पाणी झाका. जुनं झालं की वेलाला घाला, ड्रम घासा. पोर तापलं की दवाखाना गाठा. यात देवाला काय विचारायचं? आता चल, उचल पोराला."

हिराबाई उतरणीकडे बघू लागली. "महाराजांना एकदा विचारते..."

चैती थांबली नाही. "जीप आण!" असं पोश्याला ओरडून ती हिराबाईच्या घरात शिरली आणि गोधडीसकट पोराला उचललं. त्याचे तळवे गार होते.