चौतीसची कंबर

मी चार इयत्ता शिकले, त्याही धड नाहीत. अक्षरं माझ्यापुढे आली की मुंग्यांसारखी पांगतात. आकड्यांचं मात्र तसं नाही, आकडे मला वचकून असतात. पस्तीस वर्षं आमच्या दुकानात पँटी शिवल्या जातायत. कापड कापतात आमचे हे, ज्यांना सगळा रस्ता मास्तर म्हणतो, आणि मापं घेते मी. पहिल्या वर्षी गिऱ्हाईकं लाजायची. आता मी नुसतं "श्वास सोडा" म्हटलं की लपवलेली पोटं मुकाट्यानं बाहेर येतात. मापाची वही सून लिहिते, पण मला ती उघडावी लागत नाही. माणूस पाठमोरा चालला असला तरी कंबर, सीट आणि उंची मी इथल्या इथे सांगते.

एवढी वर्षं पुरुषांची मापं घेऊन मला एक कळलंय. कंबर मोजू देतील, मांडी मोजू देतील, पण शरीराच्या आत काय बिनसलंय ते विचारलं की भल्याभल्यांची दातखीळ बसते.

उन्हं तापायला लागली आणि आमच्या चौकात आरोग्य खात्याची पांढरी गाडी येऊन उभी राहिली. वर मोठा फलक. सुनेनं वाचून दाखवला, पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांसाठी प्रोस्टेटची तपासणी, मोफत. भोंगा सकाळपासून तेच सांगत होता. भोंग्याचा आवाज आला की पन्नाशीच्या वरचे सगळे पुरुष पलीकडच्या गल्लीनं जायला लागले. चार दिवसांत चौक इतका मोकळा झाला की बायकांनी तिथे वाळवणं घालावीत.

गाडीवरची सिस्टर पोरसवदा, पण चिवट. पाचव्या दिवशी दुकानात आली आणि स्टुलावर बसली.

"मावशी, पत्रकं देते तर घेतात आणि पुढच्या कोपऱ्यावर टाकतात. मीच परत उचलून आणते."

"काय असतं त्यात?"

तिनं सांगितलं. पुरुषांच्या मूत्राशयाखाली एक ग्रंथी असते, अक्रोडाएवढी. वय झालं की ती वाढते, बऱ्याचदा साधीच वाढते. पण कधी त्यात कॅन्सर धरतो, आणि सुरुवातीला तो चूं की चां करत नाही. थोडं रक्त घेतलं की अंदाज येतो. लवकर सापडला तर बरा होतो.

"रक्तच ना? मग घाबरतात कशाला?"

"त्यांना वाटतं, गाडीत काय काय तपासतील."

"दे इकडे ती पत्रकं," मी म्हटलं. तयार पँटींच्या खिशात एकेक घडी करून सरकवली. नवरे खिसे बघत नाहीत, पण बायका धुण्याआधी बघतात. आठवड्यात गाडीसमोर सात-आठ जण उभे दिसले. प्रत्येकाच्या मागे दोन पावलांवर बायको.

आमच्या ह्यांचा मात्र त्यात पत्ता नव्हता. वय एकसष्ट. न्हाणीघरात गेले की नळ पूर्ण सोडून उभे राहतात, मला ऐकू येऊ नये म्हणून. टाकी रिकामी होते, पण ह्यांचं काही होत नाही. एक पँट कापून होईस्तोवर दोनदा आत जाऊन येतात. मी विचारलं तर म्हणतात, "पाणी जास्त पितो मी हल्ली." दिवसभर सुईशी संसार करणारा हा माणूस, पण इंजेक्शनची सुई दिसली की भिंत धरतो.

"गाडीवर जाऊन या," मी म्हटलं. "रक्त दिल्याची चिठ्ठी दाखवा, तरच चहा."

"अगं, हातातलं काम तरी..."

"काम कुठे पळून चाललंय? तुम्हीच पळताय."

दुसऱ्या दिवशी दुपारी आले, दंडावर कापूस चिकटवलेला, हातात चिठ्ठी. मी चहा दिला, वर बिस्किटं दिली. माझा नवरा एवढा शूर कधी झाला, असं मनात आलंही. पण माणसानं एखादं बरं काम केलं की त्याची उलटतपासणी घेऊ नये, म्हणून गप्प बसले.

दहा दिवसांनी सिस्टर रिपोर्ट घेऊन स्वतः आली. तिचा चेहरा बघून मी मशीन थांबवलं.

"काका, आकडा चारच्या खाली हवा होता. तुमचा अकरा आलाय. म्हणजे कॅन्सरच आहे असं नाही. पण मोठ्या सरकारी दवाखान्यात जाऊन पुढच्या तपासण्या करायलाच हव्यात. उशीर करू नका."

ह्यांच्याकडे पाहिलं तर हे चक्क हसले. मग हसू ओठावरच विरलं. खडू हातातून पडला, आणि हे दारातून रस्त्यापलीकडे बघत राहिले. पलीकडे सलून आहे. सलूनवाले भाऊजी दारात उभे राहून टॉवेल झटकत होते. उंच, सडपातळ, छप्पन्न वर्षांचा माणूस. ह्यांचा तीस वर्षांचा दोस्त.

मला वाटलं, घाबरलेत बिचारे. दोन दिवस मी गोड बोलले, म्हणजे माझ्या मानानं. ह्यांच्या घशाखाली घास उतरेना. दवाखान्याचं काढलं की म्हणायचे, "बघू." तिसऱ्या दिवशी सुनेला म्हटलं, तो कागद आण, काय काय लिहिलंय ते बघू दे.

अक्षरं सुनेची, आकडे माझे. वय एकसष्ट, बरोबर. वजन बासष्ट. मी म्हटलं, पुन्हा बघ. बासष्टच. ह्यांचं एकट्या पोटाचं तेवढं भरेल. पुढे उंची, मग कमरेचा घेर, शहाऐंशी.

"शहाऐंशी सेंटिमीटर असतील, आई," सून म्हणाली.

मी टेप उलटा केला. मागच्या बाजूचे आकडे आम्ही एरवी वापरत नाही. शहाऐंशीवर बोट ठेवून परत सुलटा केला. चौतीस.

ह्यांची कंबर बेचाळीस आहे. लग्नातसुद्धा चौतीस नव्हती. आणि ह्या उंचीची, चौतीस कमरेची माणसं आमच्या रस्त्यावर मोजून दोन. एक बँकेतला कारकून, तो चाळिशीतला. दुसरा कोण, ते मला टेपशिवाय माहीत होतं. त्याच्या पँटी तीस वर्षं मीच मापतेय.

हे कटिंग टेबलाशी उभे होते. मी कागद समोर ठेवला.

"ही कंबर कुणाची?"

ह्यांनी कात्री खाली ठेवली.

"कापूस त्याच्याच सलूनमधला का?"

मान हलली. मग सगळं बाहेर आलं. चहासाठी चिठ्ठी हवी होती, सुईची भीती होती. सलूनमध्ये जाऊन रडगाणं गायले. दोस्त म्हणाला, त्यात काय, मला काही धाड भरलेली नाही, तुझ्या नावानं मी देतो रक्त. सिस्टर पत्रकं वाटत बाहेर फिरते, गाडीत रक्त घेणारा पोरगा कुणाला ओळखत नाही, नाव आणि वय सांगितलं की झालं. तिथे वजन, उंची, कंबरही मोजतात हे दोघांच्या गावीही नव्हतं.

"म्हणजे तो अकरा त्याचा."

"तीन दिवस जीभ उचलत नाहीये माझी," हे म्हणाले. "कसं सांगू? माझ्यासाठी गेला होता तो."

एरवी मी कपडे वाळत घालावेत तसं माणसाला झटकते. त्या दिवशी झटकवेना. चप्पल घातली आणि म्हटलं, "चला. तुम्ही नुसते उभे राहा. बोलते मी."

सलूनमध्ये खुर्चीत एक गिऱ्हाईक होतं, मिशीला काळा रंग चालला होता. अर्धी झाली होती.

"या वहिनी," भाऊजी म्हणाले. "मास्तर आज हाताला धरून आणलाय? काय केलं त्यानं?"

"केलं तुम्ही दोघांनी. रिपोर्ट आलाय."

"ऐकलं मी, सिस्टर आली होती म्हणून. मास्तर, चांगलाय ना?" आणि ह्यांना डोळा मारला.

ह्यांनी जमिनीकडे बघितलं.

"नाव ह्यांचं आहे, भाऊजी. रक्त तुमचं आहे. अकरा आलाय, चारच्या खाली हवा होता. पुढच्या तपासण्या करायला सांगितल्यात."

भाऊजी हसायला लागले, मग थांबले. ब्रश वाटीत ठेवला. बेसिनपाशी जाऊन हात धुतले. धुतच राहिले. साबण निघून किती वेळ झाला तरी नळ चालूच.

"मला काही होत नाही, वहिनी. नळासारखा मोकळा आहे मी. हा मास्तर बघा, दिवसभर आत-बाहेर करतो. आणि आकडा माझा?"

"सिस्टर म्हणाली होती, सुरुवातीला तो बोलत नाही म्हणून."

"मग मी गेलोच नसतो कधी."

"नसता गेलात."

हे तेव्हा पहिल्यांदा बोलले. "शिव्या घाल मला. पण उद्या चल."

खुर्चीतलं गिऱ्हाईक इतका वेळ आरशातून आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघत होतं. ते हळूच म्हणालं, "माझी दुसरी बाजू..."

"दोन मिनिटं थांबा," मी म्हटलं, "कुणी पळवून नेत नाही तुमची मिशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांना गाडीवर नेलं. सिस्टरनं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "काका, सरकारी कागदावर तुम्ही दोघांनी मिळून एक माणूस तयार केलात." मग दोघांनाही ओरडली. माझ्यापेक्षा बरं ओरडली ती, मला कौतुक वाटलं. जुना कागद लाल पेनानं खोडला आणि दोघांचं रक्त दोघांच्या नावानं घेतलं. हे भिंत धरून बसले, पण बसले.

ह्यांचा आकडा दोनच्या आसपास आला. ग्रंथी वयानं वाढलीय, एक गोळी रोज. भाऊजींचा पुन्हा अकराच. त्यांची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, म्हणून मोठ्या दवाखान्यात हेच त्यांच्याबरोबर जायचे. रांगेत उभे राहायचे, पिशवी धरायचे, मशीनच्या खोलीबाहेर बसून राहायचे. ग्रंथीचा बारीक तुकडा तपासायला काढला त्या दिवशी तर भाऊजी चालत बाहेर आले आणि हेच लंगडत.

कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, अजून ग्रंथीच्या आतच आहे, बाहेर कुठे गेलेला नाही. ऑपरेशन करून काढू, ते इथेच होईल, सरकारी योजनेत बसतं. एवढं ऐकून रडू आलं ते ह्यांना.

"मास्तर, पूस डोळे," भाऊजी म्हणाले. "लोकांना वाटेल आजार तुलाच आहे. पुन्हा कागदांचा घोळ व्हायचा."

ऑपरेशनच्या सकाळी आम्ही सगळे बाहेरच्या बाकावर. भाऊजींची बायको आली होती, माझा हात घट्ट धरून बसलेली. आतून नर्सनं भाऊजींचं नाव पुकारलं तर हेही उठून उभे राहिले.

"तू बस," भाऊजी म्हणाले. "माझं मी जातो."

दुपार कलली तेव्हा डॉक्टर बाहेर आले. मास्क खाली ओढला, म्हणाले, सगळं निघालंय, माणूस ठीक आहे. आता काही दिवस लघवीची नळी राहील, मग घरी. पुढे मात्र दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, त्यात हयगय चालणार नाही.

भाऊजींच्या बायकोनं माझा हात सोडला आणि तोंड पदरात झाकलं. हे इतके हडबडले होते की काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "रक्त कुणी द्यायचं?"

डॉक्टर ह्यांच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"ज्याचं त्यानं," मी म्हटलं. "डॉक्टर, तेवढं ठळक अक्षरात लिहून द्या. ह्यांना वाचता येतं."