आय आधी की ई आधी

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनी पुढे या, कारण आज जी गोष्ट सांगणार आहे ती दोन अक्षरांची आहे, आणि अक्षरं फार बारीक आहेत. ऐकून हसू आलं तर खुशाल हसा. मनाला लागली तर तीही देवाचीच कृपा समजा.

एका कचेरीत आवक खिडकीवर एक बाई बसायची. आलेल्या प्रत्येक अर्जावर, कागद मिळाला असं सांगणारा इंग्रजी शिक्का ठाण्णकन मारायची, म्हणून सगळे तिला ठप्पामावशी म्हणत. शिक्का मारणं हे तिचं नोकरीतलं काम. बिनपगारी काम वेगळंच होतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज ती भरून द्यायची, आणि ज्यांना कचेरीचं पत्र कळत नाही त्यांना ते माणसाच्या भाषेत सांगायची. "आजी, यात रागावलेले नाहीत. फक्त सही राहिली म्हणतात." एवढं ऐकून आजीचा जीव भांड्यात पडायचा.

आता या कचेरीच्या साहेबांना शब्दखेळांचा नाद लागला. कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांना सांगितलं होतं म्हणे, की रोज एक इंग्रजी शब्द शोधला की मेंदू तल्लख होतो. साहेबांनी स्वतःचा सोडून सगळ्यांचा मेंदू तल्लख करायला घेतला. रोज दहाच्या ठोक्याला फळ्यावर अक्षरं लिहायची. ती अक्षरं असलेला शब्द प्रत्येकाने सांगायचा. आधी कुणी सांगितलेला चालणार नाही. आणि तीनदा चुकेल त्याची रवानगी तळघरातल्या दप्तरखान्यात! मावशीच्या खिडकीत मग बटणांचं यंत्र बसणार होतं. यंत्र सही कुठे करायची ते सांगत नाही, आणि आजींना धीर तर मुळीच देत नाही.

पहिल्या दिवशी 'के' आला. मावशी झटकन म्हणाली, "कॅट!"

टायपिस्ट टेबलावर डोकं ठेवून हसला. "मावशी, तुमच्या मांजराचं शेपूट चुकलं असतं तर चाललं असतं हो, तोंडच चुकलं!"

दुसऱ्यांदा 'डब्ल्यू'. मावशीने पुष्कळ विचार केला आणि सांगितलं, "व्हॅन."

"ती 'व्ही'ने धावते," साहेब म्हणाले. "दोन झाल्या."

त्या संध्याकाळी मावशीने देवापुढे हात जोडले. "देवा, माझे कान मला दगा देतात. 'क' ऐकला की मी 'के' म्हणते, 'व' ऐकला की कुठलाही 'व' उचलते. उद्यापासून कानावर नाही, डोळ्यांवर भरवसा ठेवते. तू फक्त खिडकी सांभाळ. तिथे माझी माणसं येतात."

तिसऱ्या दिवशी फळ्यावर अक्षरं होती आय, ई, व्ही. याच क्रमाने, एकाला एक चिकटून. सगळ्यांनी टेबलाखाली मोबाइल उघडले. अक्षरं टाकली की शब्द काढून देणारी जागा त्यावर असते, तिथून धडाधड माल येऊ लागला. बिलीव्ह गेला, अचीव्ह गेला, रिलीव्ह गेला. टायपिस्ट ऐटीत म्हणाला, "सिव्ह."

"म्हणजे काय रे?" हेडक्लार्क बाईंनी विचारलं.

"अर्थ कुठे मागितलाय, बाई? अक्षरं मागितलीत."

ती चाळणी निघाली. पाळी मावशीवर आली तेव्हा चाळणीत काही उरलं नव्हतं. मोबाइल होता तिच्याकडे, पण तो फक्त बोलण्याचा. तिने खाली पाहिलं आणि टेबलावरच्या ठप्पा मारलेल्या अर्जावर तिला शब्द दिसला, तीन वर्षं रोज शेकडो वेळा उमटवलेला.

"रिसीव्ह्ड," ती म्हणाली. "आर, ई, सी, आय, ई, व्ही, ई, डी."

साहेबांना आनंदाचं भरतं आलं. "चूक! 'सी'नंतर 'ई' आधी, मग 'आय'. शाळेतली मुलंही सांगतील! तीन झाल्या, मावशी."

मावशीचा चेहरा उतरला, पण डोळ्यांवर भरवसा ठेवायचं ठरलेलं होतं. तिने शिक्का उचलला आणि साहेबांच्या कोऱ्या कागदावर ठाण्णकन मारला. "वाचा साहेब. मी वाचलं तेच सांगितलं."

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. शिक्क्यात 'आय' खरंच 'ई'च्या आधी होता.

"हा गाढवपणा कुणाचा?"

हेडक्लार्क बाईंनी शांतपणे फाइल काढली. शिक्के कोरणारा अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी लावतो. उलट्यातलं सुलट करताना त्याची दोन अक्षरं इकडची तिकडे झाली होती. त्याने पाठवलेला नमुना फाइलीत होता. नमुन्याखाली शेरा, 'तपासला, अचूक आहे'. शेऱ्याखाली साहेबांची सही.

"आणि साहेब," बाई म्हणाल्या, "शब्द चूक धरला, तर तीन वर्षांत या कचेरीला एकही अर्ज मिळालेला नाही असं होतं."

क्षणभर साहेबांना तो विचार फारच आवडला. मग आपली सही आठवली, आणि घाम फुटला.

दुपारी परिपत्रक निघालं. 'या कचेरीपुरता सदर शब्दात आय आधी लिहावा. श्रीमती ठप्पामावशी यांचं उत्तर ग्राह्य धरण्यात येत आहे. शब्दखेळ तूर्त स्थगित.' टायपिस्टने ते तीनदा टाइप केलं. तिन्ही वेळा त्याच्या हातून त्या शब्दात 'ई' आधी पडला.

मावशी खिडकीवर परतली. बाहेर एक आजोबा अर्ज छातीशी धरून उभे होते.

"बाई, पोचेल ना हा?"

"द्या इकडे," ती म्हणाली आणि ठप्पा मारला. "पोचला, आजोबा. आता इथे सही करा, मी बोट ठेवते तिथे."

श्रोतेहो, तुमच्यात कुणी शुद्धलेखनाचे पंडित असतील, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण आज रात्री हात जोडाल तेव्हा त्या शिक्के कोरणाऱ्याची आठवण काढा. त्याला आपली चूक कधी कळलीच नाही, आणि त्या चुकीने कुणाची खिडकी वाचवली हेही नाही. त्याचे डोळे आता अधू झाले असतील. त्याला चार दिवस सुखाचे मिळोत, एवढं मागा.