पुष्पांजलीच्या नावची गाडी

मी एक पांढरी गाडी बोलतेय. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यात काही विशेष नाही. माझ्यासारख्या पांढऱ्या गाड्या मेहकरच्या बसस्टँडसमोर एका वेळी चार उभ्या असतात. माझ्यात वेगळं एवढंच, की कागदावर मालक म्हणून जिचं नाव आहे, ती पहिल्या पाच वर्षांत माझ्यात एकदाच बसली. तेही जेमतेम बारा किलोमीटर.

असं का झालं, ते मला त्याच दिवसापासून माहीत होतं. पण मला आहे एक हॉर्न, तोही कोणी दाबला तरच वाजतो. म्हणून इतकी वर्षं ते पोटातच राहिलं.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. ठिणग्या, रंगाचा वास, मग लांबलचक ट्रेलरवर सात बहिणींबरोबर उभ्यानं केलेला प्रवास. खामगावच्या शोरूममध्ये आम्हाला काचेआड लावलं. बहिणी एकेक करून गेल्या. माझ्या काचेवर मात्र 'बुक झाली' असं लिहून मला कोपऱ्यात सारलं होतं, कारण मला घेणाऱ्यांचे कागद पुरे होत नव्हते.

घेणारे होते नारायणराव. मेहकरजवळच्या एका खेड्यात वांगी-मिरची लावणारे. त्यांची थोरली मुलगी पुष्पांजली. नऊ वर्षांची असताना कपाशीनं भरलेल्या ट्रॉलीवरून ती पडली, तेव्हापासून कमरेखाली तिला काही कळत नाही. अशा माणसासाठी गाडी घेतली तर सरकार करात सवलत देतं, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. ते शोधून काढलं तिनंच. गावाचे पीकविम्याचे, दाखल्यांचे फॉर्म ती ओसरीवर चाकाच्या खुर्चीत बसून मोबाईलवर भरते. स्वतःसाठी फॉर्म भरण्याची तिची ती पहिलीच वेळ. बुलढाण्याच्या दवाखान्याचं प्रमाणपत्र, मग दिल्लीहून यायचं पत्र, मग रस्त्याच्या कराचा निराळा अर्ज. एका टेबलावरच्या माणसानं म्हणे विचारलं, की चालवणार भाऊ आहे तर नाव भावाचंच टाका, सोपं पडेल. नारायणराव कधी साहेबासमोर मान वर करत नाहीत. पण त्या दिवशी म्हणाले, "नाव तिचं राहीन साहेब. नाहीतर गाडी नको मले."

हे ते शेजारच्या सत्यभामाबाईंना सांगत होते, तेव्हा मी नुकतीच अंगणात येऊन उभी राहिले होते. मंजुळाबाईंनी, म्हणजे पुष्पांजलीच्या आईनं, मला कुंकू लावलं. चाकाखाली लिंबू ठेवलं. धाकटा भाऊ हर्षल मिशी फुटल्याच्या तोऱ्यात स्टिअरिंगवर बसला होता. पुष्पांजली खुर्ची सरकवत माझ्या दारापर्यंत आली आणि माझ्या पत्र्यावर तळहात ठेवला. भाजलं असेल, ऊन होतं. तिनं हात काढला नाही.

"मले लोणारले ने," ती हर्षलला म्हणाली. ती पडली त्याच साली शाळेची सहल लोणारला गेली होती. घरापासून तासाभराच्या अंतरावरचं ते सरोवर बघायला लांबलांबची माणसं येतात, आणि तिनं ते पाहिलेलं नव्हतं.

"उद्या," हर्षल म्हणाला.

आता माझ्या सीटबद्दल सांगते. शोरूममधल्या पोरानं प्लास्टिक काढू का म्हणून विचारलं होतं. नारायणराव घाईघाईनं म्हणाले, राहू द्या. सवलतीची गाडी पाच वर्षं विकता येत नाही, असं लिहून द्यावं लागतं. मग पाच वर्षं ती नवीच राहिली पाहिजे, असा त्यांचा हिशोब. त्यांनाच का नावं ठेवू? त्या घरात टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये आहे, पाहुण्यांच्या खुर्च्या प्लास्टिकमध्ये आहेत. माणसं ज्या वस्तूवर जीव लावतात तिला आधी झाकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेकांनी उचलून पुष्पांजलीला माझ्या पुढच्या सीटवर ठेवलं. हर्षलनं तिला पट्टा लावला. मागे आईबाबा बसले. गावाबाहेर पडल्यावर तिनं काच खाली केली आणि शेतांची नावं घेऊ लागली. हे कोणाचं, ते कोणाचं. सगळ्यांचे विम्याचे गट नंबर तिला पाठ, शेतं मात्र ती लहानपणानंतर पहिल्यांदाच अशी निवांत बघत होती.

बाराव्या किलोमीटरला वळणावर शेळ्या आडव्या आल्या. हर्षलनं ब्रेक दाबला.

ब्रेक लागला की माणसं नकळत दोन्ही पाय खाली रोवतात. पायपुसणीखालून मला ते कळतं. त्या दिवशी तीन माणसांचे पाय मला कळले. चौथ्या माणसाचे कळले नाहीत. त्या गुळगुळीत प्लास्टिकवरून ती सरळ पट्ट्याखालून निघाली आणि पाय ठेवायच्या खोबणीत दुमडून पडली. हनुवटी पट्ट्यात अडकली. शेळीवाले धावले, एका मोटारसायकलवाल्यानं तिच्या काखेत हात घातले. ओढणी दारात अडकली होती. मोडलं काहीच नाही. तिला रस्त्याच्या कडेला बसवलं तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, की माझे पाय झाका.

गाडी तिथूनच माघारी वळली.

त्या दिवशी घरातल्या प्रत्येकानं आपापलं कारण ठरवून टाकलं. आई म्हणाली, हिला प्रवास झेपत नाही. बाबा म्हणाले, आपणच हौस केली.  हर्षल रात्रीच्या जेवणानंतर माझ्यात येऊन बसला आणि ब्रेकवर नुसता पाय ठेवून राहिला. प्लास्टिकचं नाव कोणी घेतलं नाही. मी ओरडून सांगितलं असतं, पण सांगू कशी?

मग माझे एकटेपणाचे दिवस सुरू झाले. एकटी होते म्हणजे रिकामी होते असं नाही. लग्नसराईत अर्ध्या गावाचे नवरदेव माझ्यातूनच गेले. समोरच्या काचेवर चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र आहे, त्याच्यावर ते झेंडूची माळ सोडत, म्हणजे फोटोत येत नाही. बाळंतिणी आल्या, मिरचीची पोती आली. हर्षल सगळ्यांना हो म्हणायचा. बहीण कधी म्हणाली, की जरा मेहकरपर्यंत तरी ने, तर तो म्हणायचा, उद्या. पुढं तिनं म्हणणं सोडलं. मी परत आले की ती ओसरीवरून माझ्याकडे बघायची, आणि मी तिच्याकडे. आम्हा दोघींच्या मध्ये पाच पावलांचं अंगण. दोघींनाही चाकं.

पाच वर्षं पुरी झाली त्याच महिन्यात हर्षलनं गिऱ्हाईक आणलं. प्रेमानंद नावाचा, चिखलीचा, जाडजूड आणि बोलका माणूस. विक्रीच्या कागदावर सही पुष्पांजलीची लागणार होती. हर्षलनं कागद तिच्या मांडीवर ठेवला.

"वापर नाही ना होऊन राह्यला, ताई," तो खाली बघत म्हणाला.

"हाव," ती म्हणाली. पेन तिच्या हातातच होतं.

सहीआधी प्रेमानंदला चक्कर मारून बघायची होती. तो पुढच्या सीटवर बसला तो चपला काढून, मांडी घालून, जसा घरी पाटावर बसत असेल. पट्टा कशाला, म्हणाला. मारुतीच्या देवळापाशी त्यानंच हर्षलला सांगितलं, जरा कडक ब्रेक लावून दाखव. हर्षलनं दाबला. प्रेमानंद पोत्यासारखा खाली गेला. गुडघे खणाला, टोपी काचेला.

अंगणात येऊन तो हसतहसत सगळ्यांना सांगू लागला. "काऊन ठेवलं बे हे प्लास्टिक? साबणावानी घसरलो ना मी."

कोणी हसलं नाही. पुष्पांजलीनं पेन खाली ठेवलं.

"भाऊ, तुमचे पाय खाली होते का?" तिनं विचारलं.

"नाही ना बाई. मांडी घातली होती मी."

तिनं माझ्या सीटवरच्या प्लास्टिककडे बघितलं. मग तिनं हर्षलकडे बघितलं. तो माझ्या दारात गोठल्यासारखा उभा होता. प्रेमानंदला काही कळेना. चहा पिऊन, पुन्हा येतो म्हणून तो गेला.

हर्षलनं कात्री आणली नाही. बोटांनीच ओरबाडलं. पाच उन्हाळ्यांनी प्लास्टिक कडक झालं होतं, शिवणीत अडकलं होतं. त्याच्या नखातून रक्त आलं. नारायणराव ओसरीच्या पायरीवर बसून बघत होते. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला होता. शेवटचा तुकडा निघाला, तेव्हा हर्षल सीटच्या कापडात तोंड खुपसून म्हणाला, "ताई, पाच वर्षं मले वाटे का मीच तुले पाडलं."

"मले वाटे माझंच अंग मले धोका देते," ती म्हणाली. "चाल. लोणारले ने."

ह्या वेळी दोघंच होते. माझ्या सीटचं कापड पहिल्यांदा कोणाच्या तरी पाठीला लागलं. त्या वळणावर हर्षलनं गाडी इतकी हळू केली, की सायकलवाला पुढे गेला.

"लाव ब्रेक," ती म्हणाली.

तो नको म्हणाला.

"वेग धर अन् लाव. मी म्हणते ना."

मागंपुढं कोणी नव्हतं. त्यानं वेग धरला, डोळे बारीक केले आणि दाबला. ती पुढे झुकली, पट्ट्यानं धरली, कापडानं धरली, आणि परत पाठीला टेकली.  हर्षलला पुन्हा गाडी चालू करायला वेळ लागला.

सरोवराच्या काठावर त्यानं मला अशी लावली, की तिच्या काचेतून खालचं हिरवट पाणी दिसावं. तिनं पुष्कळ वेळ बघितलं.

"लहान आहे रे," ती शेवटी म्हणाली. "मले वाटलं होतं लय मोठं असन."

तो कागद तिनं सही न करता माझ्या पुढच्या खणात ठेवला आहे. अजून तिथंच आहे. हर्षल आता कापसाच्या हंगामात खामगावला सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कामाला असतो. नारायणरावांना चालवता येत नाही. शनिवारी तो येतो आणि रविवारी परत जातो. मधले पाच-सहा दिवस मी अंगणात उभी असते. लग्नाची माळ आता मला कोणी घालत नाही. ताईला विचारावं लागतं, आणि ती खुर्चीचं चित्र झाकू देत नाही. खोटं कशाला बोलू, हे दिवस जड जातात. बॅटरी उतरते, सीटवर धूळ बसते, डागही पडलेत. चहाचा एक आहे, तो लोणारचा.

तुमच्या घरात कोणासाठी आणलेलं काही अजून गुंडाळून ठेवलेलं असेल, तर तो माणूस घरात आहे तोवर ते उघडा. मला एवढंच सांगायचं होतं.

आज शुक्रवार आहे. आत्ताच ओसरीवरून चाकं वाजली. पुष्पांजली अंगण ओलांडून आली, माझ्या दारावर तळहात ठेवून थांबली. ऊन आहे. भाजत असेल.

"उद्या," ती मला म्हणाली.