वाणात आलेली बाटली

वाणाला नाही म्हणायचं नसतं, हे विनीताला कोणी शिकवायची गरज नव्हती. कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवात यंदा कोणी डबे लुटले, कोणी कापडी पिशव्या, आणि प्रेमलताबाईंनी लुटल्या औषधी अळंबीच्या कॅप्सूलच्या बाटल्या. बाई हल्ली कुठल्याशा कंपनीचा माल विकत होत्या, तेव्हा तिळगुळासोबत प्रचारही उरकला.

"अगं, चीन-जपानात पिढ्यान्‌पिढ्या खातात. थकवा जातो, झोप लागते. अळंबीच ती, तिचा कसला अपाय?"

विनीताने पदर पुढे करून बाटली घेतली आणि घरी येऊन देवापुढे ठेवली. बाजारातून आणलेली असती तर तिने आधी बाटलीवरची बारीक अक्षरातली चिठ्ठी वाचली असती. पण वाणाची चिठ्ठी कोण वाचतं?

तिचा नवरा दिगंबर बँकेच्या बदलीवर कोलकात्याला आला आणि सहा महिन्यांत त्याच्या हृदयाची झडप बदलावी लागली. त्याला आता दोन वर्षं झाली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, रक्ताची तपासणी दर महिन्याला, आणि पालेभाजीसुद्धा बेताने, कारण ती जास्त झाली की गोळीचं काम बिघडतं. हे सगळं विनीताच्या डोक्यात. दिगंबर समोर येईल ते खायचा आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दोनदा थांबायचा. त्याचं ते थांबणं बघून तीच थकायची. औषध म्हटलं की तो आणखी एक गोळी नको म्हणून कुरकुरणार, म्हणून तिने कॅप्सूल उघडून भुकटी त्याच्या सकाळच्या चहात घालायला सुरुवात केली.

"चहा कडू लागतोय," तो म्हणाला.

"दार्जिलिंगचा आहे, तसाच लागतो," ती म्हणाली. दार्जिलिंगवर तिने फुकटचा आळ घेतला.

आठवड्याभरात तो एका दमात वर आला. कॅप्सूलमुळे की थंडी कमी झाली म्हणून, देव जाणे. विनीताला मात्र इतका आनंद झाला की तिने त्या दिवशी शिरा केला. पुढच्या आठवड्यात दात घासताना त्याच्या हिरड्यांतून रक्त आलं आणि दंडावर काळानिळा डाग दिसला. कुठे आपटल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्या दिवसापासून तिने चहात भुकटी घालणं बंद केलं, पण कारण त्याला सांगितलं नाही.

तीन दिवसांनी महिन्याची तपासणी झाली. रक्त किती पातळ ते सांगणारा आकडा साडेतीनच्या आत हवा होता, तो पावणेसहा आला. डॉक्टर हिंदीत विचारत होते, नवीन काही खाण्यात आलं का, एखादं चूर्ण, काढा?

"छे," दिगंबर हसून म्हणाला. "आमच्याकडे फोर्ट विल्यमच्या किल्ल्यापेक्षा कडक पहारा आहे. हिच्या नजरेखालून गेल्याशिवाय माझ्या पोटात काही जात नाही."

डॉक्टरांनी कागद ओढला. "मग गोळीचाच डोस कमी करावा लागेल."

विनीताला कळलं. कॅप्सूल तर तिने बंदच केल्या होत्या. वर गोळीही कमी झाली, तर रक्त घट्ट होऊन झडपेवर गाठ धरणार. आता गप्प बसणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. तिला लाज वाटली, भीती वाटली, आणि सगळ्यांहून जास्त या पहाऱ्याचा कंटाळा आला.

"मी घालत होते," ती म्हणाली. "अळंबीची भुकटी. चहात. तीन दिवस झाले बंद करून."

डॉक्टर रागावले नाहीत. गोळी दोन दिवस बंद, मग पूर्वीचाच डोस, आणि आठवड्याच्या आत पुन्हा तपासणी, असं त्यांनी लिहून दिलं. अळंबीवर छोटे अभ्यास झालेत, काही आशा दाखवतात, पण खात्रीने सांगावं असं फारसं हाती नाही, असं ते म्हणाले. मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ती घेतली तर रक्तस्राव वाढू शकतो, आणि क्वचित कोणाच्या यकृतालाही त्रास झालेला आहे. दिगंबर टेबलाच्या कडेकडे बघत होता. रिक्षात बसताना तपासणीचे कागद त्याने स्वतःच्याच हातात ठेवले.

सकाळी विनीता उठली तर स्वयंपाकघरात दिवा होता. दिगंबर गॅसपाशी उभा राहून चहा गाळत होता. ओट्यावर सांडलं होतं, आणि कप एकच होता.

"मला उठवायचं ना," ती म्हणाली.

"नको. आता माझं मी बघत जाईन." त्याच्या आवाजात राग नव्हता. "तूही दमली आहेस."

दोन वर्षं हे वाक्य कोणीतरी आपल्याला म्हणावं म्हणून ती थांबली होती. आज ते ऐकून तिला रडू आलं, आणि ते रडू सुखाचं नव्हतं.